सराफांचे प्रश्न, माथाडींचा कायदा

2023 साली मी एक तक्ता केला होता. तेव्हा मी गोदामांसाठी सॉफ्टवेअर करणाऱ्या एका कंपनीत होतो. ट्रक भिवंडीच्या गोदामात शिरल्यापासून रिकामा होऊन बाहेर पडेपर्यंत किती मिनिटं जातात, याची नोंद आमची प्रणाली ठेवायची. एके दिवशी मॅनेजर म्हणाला, उद्योगाच्या संघटनेला सरकारकडे निवेदन द्यायचंय, एक पान आकडेवारी दे. मी दोन रकाने केले. एकात माल माणसांनी उतरवलेले ट्रक, दुसऱ्यात पट्टा आणि फोर्कलिफ्ट वापरलेले. दुसरा रकाना साहजिकच चांगला दिसत होता. मॅनेजरने अंगठ्याचं चित्र पाठवलं आणि मी तो तक्ता विसरून गेलो.

त्याच वर्षी माथाडी कायद्यात दुरुस्ती करणारं विधेयक विधिमंडळात आलं. आमचं घर कोपरखैरण्याच्या माथाडी वसाहतीत आहे. सिडकोने दिलेली बैठी, बुटकी घरं होती ती; आता प्रत्येकावर दोन-तीन मजले चढलेत आणि गल्लीतून आकाशाची एक पट्टी तेवढी दिसते. माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणतो, वाशीच्या दाणाबाजारात टोळीत काम करतात. युनियनचं पत्रक घेऊन ते घरी आले आणि चष्मा सापडत नव्हता म्हणून मला वाचायला दिलं. वादाचा एक मुद्दा अंगमेहनतीच्या कामाच्या व्याख्येचा होता. यंत्राच्या मदतीने केलेलं काम माथाडी काम धरायचं की नाही? दादा म्हणाले, "यंत्राला गोणी कोण लावून देतं मग?"

मला माझे दोन रकाने आठवले.

माझ्या एका पानामुळे विधेयक आलं, असं म्हणण्याइतका मी मोठा नाही. उद्योगांची ही तक्रार जुनी आहे आणि तिच्यात तथ्य नाही असंही नाही. माथाडीच्या नावाखाली खंडणी गोळा करणाऱ्या बोगस टोळ्या आहेत, हे दादाही मान्य करतात, उलट त्यांच्यावर सगळ्यात जास्त चिडतात तेच. पण कायदा बदलू पाहणाऱ्या माणसांच्या हातात मी काहीतरी दिलं होतं, त्याचा पगार घेतला होता आणि तो कायदा माझ्या घराचा होता. यात चूक नेमकी कुठे होती, की नव्हतीच, हे मला कळत नव्हतं. म्हणून मी मागे जाऊन वाचायला लागलो. वाचता वाचता एच. जी. मुदगल सापडले.

स्वतंत्र भारताच्या संसदेत पैसे घेऊन प्रश्न विचारल्याचं पहिलं प्रकरण मुंबईतलं आहे. झवेरी बाजारातलं. आबा, म्हणजे माझे आजोबा, पाटण तालुक्यातून मुंबईत येऊन मशीद बंदरला दाणाबंदरात गोणी उचलायला लागले त्याच्या काही वर्षं आधीचं. झवेरी बाजार आणि दाणाबंदर यांच्यात पायी फार अंतर नाही. एकीकडे सोन्या-चांदीचे वायदे व्हायचे, दुसरीकडे ज्वारी-तांदळाची पोती पाठीवरून उतरायची.

हुच्चेश्वर गुरुसिद्ध मुदगल मूळचे हुबळीकडचे. त्यांचं आधीचं आयुष्य कादंबरीत घातलं तर संपादक 'जरा कमी करा' म्हणेल. तरुणपणी ते अमेरिकेत गेले, न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये मार्कस गार्वीच्या चळवळीत मिसळले आणि तिच्या 'निग्रो वर्ल्ड' या साप्ताहिकाचं संपादनही त्यांनी केलं. एक कानडी माणूस काळ्या अमेरिकनांच्या मुक्तीचं वृत्तपत्र चालवतो आहे! पुढे ते भारतात परतले आणि काँग्रेसतर्फे हंगामी संसदेचे सदस्य झाले. हंगामी, कारण 1950 ते 1952 या काळात पहिली सार्वत्रिक निवडणूक अजून व्हायची होती आणि संविधान सभाच संसद म्हणून काम करत होती.

त्या संसदेपुढे वायदे व्यवहारांचं नियमन करणारं विधेयक होतं. वायद्यांवर सरकारचा अंकुश यावा, मान्यता मिळालेल्या संस्थेमार्फतच ते व्हावेत, अशी त्याची दिशा. 1952 साली त्याचा कायदा झाला तेव्हा तेजी-मंदीच्या सौद्यांवर बंदीही आली. सराफ बाजाराचा जीव ज्या गोष्टींत होता त्याच गोष्टींना हे विधेयक हात घालत होतं. बॉम्बे बुलियन असोसिएशनला दिल्लीत आपलं म्हणणं मांडणारा माणूस हवा होता, यात गैर काय? मुदगलांनी ते काम पत्करलं. संसदेत प्रश्न विचारायचे, विधेयकाला दुरुस्त्या सुचवायच्या, मंत्र्यांच्या भेटी घडवून आणायच्या. बदल्यात पैसे. प्रत्यक्षात हाती पडलेली रक्कम आज ऐकली तर हसू येईल, काही हजार रुपयांची गोष्ट.

8 जून 1951 रोजी पंतप्रधान नेहरूंनी स्वतः चौकशी समितीचा प्रस्ताव मांडला. आपल्याच पक्षाच्या खासदाराविरुद्ध, निवडणुका तोंडावर असताना. समितीत पाच जण होते. अध्यक्ष टी. टी. कृष्णम्माचारी, सोबत प्रा. के. टी. शहा, सय्यद नौशेर अली, जी. दुर्गाबाई आणि काशिनाथराव वैद्य. हे के. टी. शहा मुंबईचे अर्थतज्ज्ञ, संविधान सभेत सरकारला सतत टोचणी लावणारे आणि पुढच्याच वर्षी राजेंद्र प्रसादांविरुद्ध राष्ट्रपतिपदाची निवडणूक लढवणारे. ही समिती कोणाच्या खिशातली नव्हती.

समितीपुढचा प्रश्न दिसतो त्याहून अवघड होता. खासदाराने पैसे घेऊन प्रश्न विचारू नये, असा लिखित नियम कुठे होता? आचारसंहिता नव्हती. लाच म्हणावी तर खासदार हा दंडसंहितेच्या अर्थाने लोकसेवक आहे का, यावर पुढची जवळपास पन्नास वर्षं न्यायालयं डोकं खाजवणार होती. शिवाय मुदगलांचा बचाव अगदीच फुसका नव्हता: मी व्यवसाय केला, प्रसिद्धीचं काम केलं, त्यात सभागृहाचा अपमान कसा? समितीने मात्र बाकीच्या शक्यता बाजूला सारून एवढंच पाहिलं की पैसा आणि सभागृहातलं काम यांचा दोरा जुळतो का. तो जुळत होता. हे वर्तन सभागृहाच्या प्रतिष्ठेला बाधा आणणारं आहे, असा निष्कर्ष त्यांनी दिला.

24 सप्टेंबर 1951 ला नेहरूंनी हकालपट्टीचा ठराव आणला. मुदगल सभागृहात बोलले, आपली बाजू मांडली आणि भाषणाच्या शेवटी राजीनाम्याचं पत्र उपसभापतींच्या हाती दिलं. गेलेल्या माणसाला हाकलणार कसं? सभागृहाने दुसऱ्या दिवशी ठराव बदलला. मुदगल हकालपट्टीलाच पात्र होते आणि त्यांच्या राजीनामापत्राची भाषा हा सभागृहाचा आणखी एक अवमान आहे, असं नोंदवून तो मंजूर केला. दार आतून लावून घेतलेल्या माणसाला बाहेरून कडी घालण्याचा प्रकार, पण नोंद राहिली.

इथवर वाचल्यावर मला बरं वाटायला हवं होतं. मी खासदार नाही, मी प्रश्न विचारला नाही, मी तक्ता केला. पण अडचण दुसरीकडून आली. ती आली आमच्या भिंतीवरच्या फोटोवरून. कोपरखैरण्यातल्या कितीतरी घरांत देवघराच्या शेजारी एक फोटो असतो, आमच्याकडेही आहे: अण्णासाहेब पाटील.

अण्णासाहेबही पाटण तालुक्यातलेच, स्वतः मुंबईत ओझी वाहिलेले. माथाड्यांची टोळी म्हणजे तेव्हा काय होतं हे आबा सांगायचे ते असं: मजुरी मुकादमाच्या हातात, तो कापून देईल ती आपली, आकडा हातात घुसला तर घरी बसायचं, म्हातारपणी गावाला जायचं आणि कुणाला आठवायचं नाही. कायदा करावा तर मालक कोण हेच ठरत नव्हतं. सकाळी एका गाळ्यावर, दुपारी दुसऱ्या, संध्याकाळी ट्रकवाल्याचा माल. मालक म्हणायचे, हा आमचा कामगारच नाही.

1969 च्या माथाडी कायद्याने यावर काढलेली तोड मला इंजिनीअर म्हणून आजही फार आवडते. मालक कोण हा वाद सोडवायचाच नाही. मध्ये एक मंडळ बसवायचं. त्यात मालकांचे, कामगारांचे आणि सरकारचे प्रतिनिधी. मालाचा मालक कुणीही असो, त्याने मजुरी मंडळाकडे भरायची आणि तिच्यावर ठरावीक टक्के लेव्ही. मंडळ कामगाराला पगार देणार. लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस, औषधपाणी. किराणा बाजार, कापड, लोखंड, अशी व्यवसायागणिक मंडळं झाली. व्यापारी हायकोर्टात गेले, कायदा टिकला. हंगामी मजुराला कायम कामगाराचे हक्क देणारी अशी व्यवस्था देशात दुसरीकडे फारशी नव्हती. पुढे बाजार मुंबईतून वाशीला आले, कांदा-बटाटा आधी, दाणा आणि मसाला नव्वदच्या दशकात, आणि टोळ्या त्यांच्यामागे खाडी ओलांडून कोपरखैरणे-घणसोलीत आल्या. मी इंजिनीअरिंगची फी भरली ती लेव्हीच्या पैशातून, असं म्हटलं तर फारसं चुकणार नाही.

आता अडचण. अण्णासाहेब युनियनचे नेते होते आणि विधान परिषदेचे आमदारही होते. युनियन कामगारांच्या वर्गणीवर चालते. म्हणजे एका धंद्यातल्या लोकांनी पैसे गोळा केले आणि त्यांचा माणूस विधिमंडळात त्यांच्या हिताचं बोलला. मुदगल आणि अण्णासाहेब यांच्यात फरक काय? एकाच्या मागे सराफ होते आणि दुसऱ्याच्या मागे आबा होते, एवढाच असेल तर तो फरक नव्हे, ते माझं प्रेम.

या प्रश्नावर ब्रिटनमध्ये मुदगल प्रकरणाच्या चारच वर्षं आधी खल झाला होता. डब्ल्यू. जे. ब्राऊन नावाचे खासदार सरकारी कारकुनांच्या संघटनेचे पगारी पदाधिकारी होते. त्यांचं राजकारण पटेना म्हणून संघटना करार मोडायला निघाली, तेव्हा ब्राऊननी सभागृहाकडे दाद मागितली. मजूर पक्षाच्या कितीतरी खासदारांचा खर्च तेव्हा युनियनच करत, त्यामुळे पैसा घेणं हेच पाप म्हणता येत नव्हतं. 1947 च्या जुलैमध्ये कॉमन्सने ठरवलं ते असं: बाहेरच्या संस्थेशी असा कोणताही करार सदस्याने करू नये, जो त्याच्या बोलण्याचं आणि वागण्याचं स्वातंत्र्य बांधून ठेवील. त्यांनी पैशाऐवजी करारावर बोट ठेवलं.

मला यात दुसरीही एक गोष्ट घालावीशी वाटते. अण्णासाहेब बोलायला उभे राहिले की ते कुणाचे आहेत हे समोरच्या बाकावरच्या शिपायालाही माहीत असे. मुदगल उभे राहिले तर समोरच्याला वाटे, खासदार बोलतोय. सराफांनी जे विकत घेतलं त्यात प्रश्नापेक्षा हा गैरसमज महाग होता. आणि युनियन आपल्या माणसाला बांधू शकली नाही याचा पुरावाही आहे, फार दुःखाचा. अण्णासाहेब ज्या पक्षाचे आमदार होते त्याच पक्षाच्या सरकारवर 22 मार्च 1982 ला त्यांनी मराठा आरक्षणासाठी मोर्चा नेला. मागणी पदरात पडली नाही आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःचा जीव दिला. आबा त्या मोर्चात होते. त्याबद्दल ते कधी धड बोलले नाहीत.

त्याच वर्षाच्या जानेवारीत बॅ. अंतुले पायउतार झाले होते. सिमेंट तेव्हा कोट्यावर मिळायचं. बिल्डरांना सिमेंट आणि मुख्यमंत्र्यांच्या प्रतिष्ठानला देणग्या, या दोन नोंदींचा मेळ न्या. लेंटिन यांनी 12 जानेवारी 1982 च्या निकालात लावला. तिथे सौदा उलट्या दिशेने होता, धंदेवाला आमदाराकडे जाण्याऐवजी सत्ताच धंदेवाल्याकडे हात पसरत होती. त्या खटल्याच्या फाट्यातून 1984 साली सर्वोच्च न्यायालयाने एक विलक्षण निर्णय दिला: आमदार हा दंडसंहितेच्या व्याख्येत लोकसेवक बसत नाही. 1998 मध्ये त्याहून विलक्षण. नरसिंह रावांचं सरकार 1993 च्या अविश्वास ठरावात वाचवण्यासाठी झारखंड मुक्ती मोर्चाच्या खासदारांना पैसे दिल्याचा खटला होता. तीन विरुद्ध दोन मतांनी न्यायालय म्हणालं, सभागृहातल्या मताला घटनेच्या कलम 105 चं संरक्षण आहे. परिणाम असा की पैसे घेऊन ठरल्याप्रमाणे मत दिलं तर तुम्ही सुरक्षित, आणि घेऊन शब्द मोडला तर खटला. प्रामाणिक लाचखोराला बक्षीस! हे उलटायला 4 मार्च 2024 उजाडावा लागला. सात न्यायाधीशांनी एकमताने तो निकाल रद्द केला.

मधल्या काळात 2005 येऊन गेलं. डिसेंबरात 'कोब्रापोस्ट' आणि 'आज तक'ने दाखवलेलं ऑपरेशन दुर्योधन ज्यांनी टीव्हीवर पाहिलं त्यांना ते आठवत असेल. मी शाळेत होतो. पत्रकारांनी लघुउद्योजकांची एक संघटना कागदावर उभी केली आणि खासदारांना प्रश्न विचारायला पैसे दिले, पंधरा हजारांपासून एक लाख दहा हजारांपर्यंत. अकरा खासदार अडकले. त्यांतले दोघे आपल्या खानदेशातले, एरंडोलचे एम. के. अण्णा पाटील आणि जळगावचे वाय. जी. महाजन. तयार केलेल्या प्रश्नांपैकी एक जर्मनीतल्या 'योसारियन' डिझेल इंजिनाबद्दल होता. योसारियन हे जोसेफ हेलरच्या 'कॅच-22' कादंबरीच्या नायकाचं नाव. असं इंजिन जगात नाही. माझ्या धंद्यात यंत्रणा तपासायला मुद्दाम खोटी माहिती आत सोडतात, ती पलीकडून जशीच्या तशी बाहेर आली की समजायचं मध्ये कुणीच पाहत नाहीये. 23 डिसेंबरला अकराही जणांना काढलं. मुदगलांचा दाखला तेव्हा निघाला, आणि हकालपट्टीचा अधिकार सभागृहाला आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2007 मध्ये मान्य केलं.

मुदगल समितीच्या माणसांचं पुढे काय झालं तेही सांगून टाकतो. अध्यक्ष कृष्णम्माचारी अर्थमंत्री झाले आणि 1958 मध्ये मुंद्रा प्रकरणात त्यांना राजीनामा द्यावा लागला. एलआयसीचा पैसा एका सटोडियाच्या कंपन्यांत गेला होता, न्या. छागला यांनी मुंबईत उघड चौकशी केली, ऐकायला इतकी गर्दी की बाहेर कर्णे लावावे लागले. दुर्गाबाईंनी 1953 मध्ये सी. डी. देशमुखांशी लग्न केलं. रायगडच्या मातीतले हे चिंतामणराव 1951 मध्ये अर्थमंत्री होते. 1959 मध्ये मंत्र्यांच्या भ्रष्टाचाराच्या चौकशीसाठी कायमचं निष्पक्ष न्यायाधिकरण नेमा, मी स्वतः तक्रारी दाखल करतो, असं म्हणून त्यांनी नेहरूंना अडचणीत आणलं. नेहरूंनी ते नेमलं नाही. 1951 मध्ये एका मागच्या बाकावरच्या खासदाराबाबत दिसलेली तडफ मंत्र्यांपर्यंत पोचली नाही.

आणि माझ्यासारख्यांचं, तक्तेवाल्यांचं? त्याबद्दल आपल्याकडे कायदाच नाही. अमेरिकेत 1946 पासून कुठल्या ना कुठल्या स्वरूपात लॉबिस्टांनी नोंदणी करावी लागते, 1995 पासून नीट. त्यामुळेच 2012 च्या डिसेंबरात आपल्याला कळलं की वॉलमार्टने तिथल्या सिनेटमध्ये भरलेल्या तपशिलात भारताच्या बाजारात शिरकाव हाही लॉबिंगचा एक विषय आहे. आपल्या संसदेत गदारोळ झाला. दाणाबाजारातही त्या वर्षी किरकोळ विक्रीतल्या परकीय गुंतवणुकीचीच चर्चा होती, दादांची टोळी मोर्चाला गेली होती. सरकारने एकसदस्य चौकशी नेमली. ते न्यायमूर्तीही मुदगल, मुकुल मुदगल. आडनावाचा निव्वळ योगायोग. हाती ठोस काही लागलं नाही. 2013 मध्ये कलिकेश नारायण सिंहदेव यांनी लोकसभेत लॉबिंग उघड करण्याबाबत खासगी विधेयक मांडलं, आणि खासगी विधेयकांचं होतं तेच त्याचं झालं. अमेरिकेचा गोंधळ आपण उसना आणावा असं मी म्हणत नाही. तिथे नोंदणी करूनही पैसा राजरोस चालतो. पण निदान कुणाचा तक्ता कुणाच्या हातात गेला, हे तिथे एखाद्या दादांच्या मुलाला शोधता येतं. माझं पान त्या संघटनेकडून पुढे कुणाकडे गेलं, हे मला आजही शोधता आलेलं नाही. मॅनेजरला विचारलं तर तो म्हणाला, कोणता तक्ता?

दादांना मी हे सांगितलं गेल्या दिवाळीत. आधी मुदगलांची गोष्ट सांगितली, मग माझी. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तुझ्या त्या कागदात ट्रक किती वेळ उभा राहिला ते होतं. गोणी किती किलोची होती ते होतं का?"

नव्हतं. आमच्या प्रणालीत वजनाचा रकाना होता, पण तो ट्रकच्या एकूण वजनाचा. एका माणसाच्या पाठीवर किती, हे कुणी कधी भरायला सांगितलंच नव्हतं. मी नोकरी नंतर बदलली, त्याचं कारण हे नव्हतं. दादांची सकाळची पाळी होती, ते झोपायला वर गेले आणि मी लॅपटॉप उघडून आकडा जुळवत बसलो: पन्नास किलोची गोणी, त्यांच्या वहीतल्या खुणा, एका दिवसाच्या.